फर्माईश आणि शिफारस

गाणें गायकाच्या गळ्यांत जन्मास येतें, परंतु तें जगतें श्रोत्याच्या स्मरणांत. संगीताचा इतिहास लिहितांना घराणीं, राजदरबार, नाटक मंडळ्या, चित्रसंस्था या सर्वांचा परामर्श घेतला जातो, आणि तो घेणें योग्यच आहे. या इतिहासांतील एका पात्राचें नांव मात्र कोणत्याहि तबकडीवर छापलेलें नसतें. तें पात्र म्हणजे आपल्याला आवडलेलें गाणें दुसऱ्यानेंहि ऐकावें म्हणून धडपडणारा सामान्य श्रोता.

ही धडपड दोन प्रकारची असते. ठाऊक असलेलें व आवडलेलें गाणें पुनः ऐकवा, अशी मागणी करणें ही झाली फर्माईश. दुसऱ्याला ठाऊक नसलेलें गाणें हुडकून त्याच्या कानावर घालणें ही झाली शिफारस. पहिलीला बहुमताचें बळ असतें. दुसरीला बहुधा एकट्यादुकट्याच्या चिकाटीचेंच. गेल्या शंभर वर्षांचा आपल्या देशांतील अनुभव पाहिला, तर पहिलीनें बाजार भरला आणि दुसरीनें भांडार राखलें, असें दिसून येतें.

फर्माईश हा शब्द फारशींतून आला आणि दरबारी बैठकींत रुळला. बैठकींत गवयाला अमुक चीज म्हणा असें सुचविण्याचा मान यजमानाचा किंवा एखाद्या जाणत्या वृद्धाचा असे. कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादियाखां यांची कीर्ति अनवट रागांसाठीं होती. असे राग बैठकींत मागणारा श्रोता स्वतःहि जाणता असावा लागे; त्याच्या मागणीनें इतरांच्या कानांना नवी ओळख होई. महाराष्ट्रांत हा मान नाटकगृहानें सर्वांच्या पदरांत टाकला. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्कर यांचें ‘संगीत शाकुंतल’ पुण्यास रंगभूमीवर आलें, आणि पुढें दरबार कधीं न पाहिलेला माणूसहि तिकिटाच्या बळावर ‘वन्स मोअर’ म्हणूं लागला. १९१३ सालीं स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या काळांत तर या वन्स मोअरमुळें नाटकें उत्तररात्रीपर्यंत लांबत. नाटककाराच्या वेळापत्रकावर प्रेक्षकाच्या आवडीनें मात केली ती अशी.

ध्वनिमुद्रिका आली आणि गाणें गायकापासून सुटें झालें. १९०२ सालच्या नोव्हेंबरांत फ्रेड गैसबर्ग या तंत्रज्ञानें कलकत्त्यास गौहरजान यांचें गायन मुद्रित केलें. तासभर चालणारा ख्याल तीनसाडेतीन मिनिटांत बसविणें भाग पडलें, हा तोटा खरा. परंतु एकदां गायिलेलें गाणें वाटेल तेव्हां ऐकण्याची सोय झाली, आणि एकाची आवड दुसऱ्याच्या घरीं नेण्यासाठीं कापडांत गुंडाळलेली एक तबकडी पुरेशी झाली. शेजारच्या घरांतून नवी तबकडी मागून आणणें आणि बदल्यांत आपली देणें हा संगीतप्रसाराचा मोठा मार्ग ठरला.

नभोवाणीच्या इतिहासांत तर फर्माईशीचा मान आरंभाचाच आहे. १९२१ सालच्या ऑगस्टांत टाइम्स ऑफ इंडिया पत्रानें डाक व तार खात्याच्या साहाय्यानें मुंबईहून संगीताचा एक खास कार्यक्रम प्रक्षेपित केला. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांची तशी विनंति होती, आणि त्यांनीं तो पुण्यास बसून ऐकला. म्हणजे या देशांत बिनतारी मार्गानें संगीत पाठविण्याचा हा अगदीं आरंभींचा प्रयोग एका श्रोत्याच्या मागणीवरूनच झाला. फक्त तो श्रोता इलाख्याचा अधिपति होता. १९२७ सालीं मुंबईचें नभोवाणी केंद्र नियमित सुरू झालें, १९३६ सालीं ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव आलें, आणि हळूहळू गव्हर्नरसाहेबांचा तो अधिकार पोस्टकार्ड लिहूं शकणाऱ्या प्रत्येकाला लाभला.

त्या पोस्टकार्डाची शक्ति काय असते, हें १९४९ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं ‘महल’ नांवाचा चित्रपट आला. त्याचे संगीतकार खेमचंद प्रकाश. त्यांतील एक गीत सर्वतोमुखीं झालें. परंतु तबकडीवर गायिकेचें नांव छापलें होतें ‘कामिनी’. आणि कामिनी हें तर चित्रपटांतील पात्राचें नांव! पडद्यामागून गाणाऱ्याचें नांव सांगण्याची गरज तोंवर कोणाला फारशी वाटत नसे. श्रोत्यांनीं नभोवाणीकडे पत्रांचा वर्षाव केला: ही गाते आहे ती कोण? अखेर लता मंगेशकर हें नांव सांगावें लागलें. केवळ आवाज ऐकून त्याच्या धनिणीचा शोध घेणारी ही पत्रें कोणा समीक्षकानें लिहिलीं नव्हतीं. तीं सामान्य घरांतून आलीं होतीं.

याच श्रोत्याचा सरकारशीं सामना झाला तो १९५२ सालीं. डॉ. बा. वि. केसकर हे महाराष्ट्रीय गृहस्थ त्या वर्षीं नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची मनापासून भक्ति होती. राजेरजवाडे गेले, आतां गुणिजनांना आश्रय सरकारनें द्यावा, ही त्यांची भूमिका. त्याच वर्षीं संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला, आणि १९५४ पासून नभोवाणी संगीत संमेलनें भरूं लागलीं. अनेक थोर गायकवादकांना त्यामुळें देशभर श्रोते लाभले, हें त्यांचें ऋण नाकारतां येणार नाहीं. परंतु चित्रपट संगीत हें अभिरुचि बिघडविणारें आहे असेंहि त्यांचें मत होतें. त्या गीतांचें प्रमाण कमी करण्यांत आलें, गीतें निवडून घेतलीं जाऊं लागलीं, आणि चित्रपटाचें नांव सांगणें ही जाहिरात होय म्हणून तें सांगणें बंद झालें. निर्मात्यांनीं रागावून परवानगी काढून घेतली. थोड्याच महिन्यांत सरकारी नभोवाणीवरून चित्रगीतें जवळजवळ नाहींशीं झालीं.

आवड हुकुमानें बदलत नाहीं; ती वाट बदलते. ती वाट या वेळीं समुद्रापलीकडून आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत लॉर्ड माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया सेनाविभागासाठीं सिलोनांत कोलंबोजवळ एकाला येथें १०० किलोवॉट शक्तीच्या लघुलहरी प्रक्षेपकाची योजना झाली होती. युद्ध संपल्यावर तो सिलोन सरकारच्या हातीं आला. सैनिकांसाठीं योजलेलें हें यंत्र १९५० च्या सुमारास व्यापारी कार्यक्रमांना उपयोगी पडूं लागलें, आणि लघुलहरींना राज्याच्या सीमा नसल्यामुळें रेडिओ सिलोनचीं हिंदी गीतें काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत ऐकूं येऊं लागलीं. दहा घरांपैकीं नऊ घरांतील संच सिलोनला लावलेले असत आणि दहाव्या घरचा नादुरुस्त असे, अशी आख्यायिका त्या काळीं रूढ झाली. आख्यायिकेंतील आंकडे शब्दशः घेऊं नयेत. तिच्यांतील अर्थ मात्र खरा होता.

३ डिसेंबर १९५२ रोजीं, बुधवारीं, सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी यांचीं तेव्हां वीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. दर आठवड्यास २५ रुपयांच्या मोबदल्यांत लेखन, निवेदन आणि आलेल्या पत्रांची छाननी, असें तिहेरी काम त्यांनीं पत्करलें होतें. कार्यक्रम मुंबईंत मुद्रित होई आणि ध्वनिफिती विमानानें कोलंबोला जात. अर्ध्या तासांत सात गाणीं वाजवावयाचीं, श्रोत्यांनीं त्यांचा क्रम लावावयाचा, आणि क्रम जुळला तर १०० रुपयांचें बक्षीस, अशी आरंभींची योजना. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारें ९००० पत्रें आलीं. पुढें पत्रांची संख्या आवरेनाशी झाली, तेव्हां ती स्पर्धा बंद करून लोकप्रियतेप्रमाणें गीतांना ‘पायदान’ म्हणजे पायरी देण्याची पद्धति आली.

लोकप्रियता मोजावी कशी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नव्हता. प्रथम तबकड्यांच्या विक्रीचा आधार घेतला गेला. परंतु एखाद्या गीताच्या तबकड्या दुकानांत संपल्या कीं त्याची विक्री थांबे, आणि सर्वांना हवें असलेलें गीतच यादींत खालीं घसरे. म्हणून गांवोगांवच्या श्रोता-संघांचीं मतेंहि विचारांत घेतलीं जाऊं लागलीं. दहावीस माणसांनीं एकत्र जमावें, गाणीं ऐकावीं, वाद घालावा आणि आपला कौल कळवावा, अशा या संस्था. सार्वत्रिक मतदानाची पहिली निवडणूक या देशानें १९५१-५२ सालीं पाहिली. तिच्या मागोमाग गाण्यांचीहि अशी निवडणूक दर आठवड्यास होऊं लागली.

पत्र लिहिणाऱ्यांत एका गांवाचें नांव अजरामर झालें आहे. तें गांव झुमरीतलैया. पूर्वीच्या बिहारांतील व आतांच्या झारखंडांतील कोडरमा भागांतलें हें गांव अभ्रकाच्या खाणींसाठीं प्रसिद्ध होतें. पण देशाला तें ठाऊक झालें तें फर्माईशीमुळें. येथून इतकीं पत्रें जात कीं असें गांव खरोखर आहे काय, असा संशय पुष्कळांना येई. एकेका पत्रावर डझनभर नांवें असत आणि निवेदकाला तीं सर्व वाचावीं लागत. राजनांदगांव, भाटापारा, टाटानगर हीं नांवेंहि अशींच कानांत बसलीं. या वेडाला हंसणारे पुष्कळ झाले. परंतु क्षणभर विचार करावा. खाणीच्या आडगांवांत राहणारा माणूस. वर्तमानपत्रांत त्याचें नांव कधीं यावयाचें नाहीं. सभेंत त्याला कोणी विचारावयाचें नाहीं. त्याचें नांव, त्याच्या बायकामुलांचीं नांवें समुद्रापलीकडून उच्चारलीं जातात आणि सारा देश तीं ऐकतो. गाण्याच्या निमित्तानें मिळालेली ती एक मान्यता होती.

सरकारलाहि हा कौल मानावा लागला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं ‘विविध भारती’ सुरू झाली. तिची उभारणी आणि तिचें नामकरण हिंदी कवि पंडित नरेंद्र शर्मा यांच्याकडे होतें. चित्रगीतें सन्मानानें परत आलीं. सैनिकांच्या मागणीच्या गीतांचा ‘जयमाला’, विस्मृतींत गेलेल्या गीतांचा ‘भूले बिसरे गीत’ असे कार्यक्रम घरोघरीं ऐकले जाऊं लागले. मुंबई केंद्राच्या ‘आपली आवड’ या कार्यक्रमानें मराठी श्रोत्याची मागणी मराठी गीतांपुरती भागविली. मात्र मधल्या काळांत एक इष्ट गोष्ट घडली होती, तिचीहि नोंद केली पाहिजे. चित्रगीतांची जागा भरून काढावयाची म्हणून नभोवाणी केंद्रांनीं सुगम संगीताकडे लक्ष दिलें. त्याच वातावरणांत १९५५ सालीं पुणें केंद्रावरून ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचें ‘गीतरामायण’ सुरू झालें. तें ऐका असें कोणी कोणाला सांगावें लागलें नाहीं. चांगल्या वस्तूची ओळख करून देणें हें सरकारचें कामच आहे; नावडतीचें दार लावून घेणें हें मात्र त्याला साधलें नाहीं.

आतां फर्माईशीची दुसरी बाजू. बहुमताच्या कौलांत एक दोष उपजत असतो. जें अधिक वाजतें तें अधिक आवडतें, आणि जें अधिक आवडतें तें अधिक वाजतें. या चक्रांत नवीं व गाजलेलीं गाणीं वर चढतात. पडलेल्या चित्रपटांतील सुंदर गाणें, एखाद्या विसरलेल्या गायिकेचा आवाज, खाजगी ध्वनिमुद्रिकेवरील गझल किंवा नाट्यपद यांना कोणी वाली उरत नाहीं. संगीतकार सज्जाद हुसेन यांचें उदाहरण घ्यावें. त्यांनीं मोजक्याच चित्रपटांना संगीत दिलें. लोकप्रियतेच्या शर्यतींत त्यांचें नांव पुढें आलें नाहीं. पण ‘संगदिल’ (१९५२) किंवा ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) यांतील रचना जाणत्यांनीं एकमेकांना आग्रहानें ऐकविल्या, आणि आज त्यांचें नांव आदरानें घेतलें जातें. अमीरबाई कर्नाटकी, जोहराबाई अंबालेवाली, राजकुमारी या गायिकांच्या बाबतींतहि अशाच आग्रही श्रोत्यांनीं स्मरण जागें ठेवलें.

या कामीं सिलोनचीच मदत झाली, हें विशेष. तेथील सकाळच्या कार्यक्रमांत जुन्या चित्रपटांचीं गाणीं लागत, आणि शेवटचें गाणें कुंदनलाल सैगल यांचें असावें असा रिवाज पडला. सैगल १९४७ सालीं निवर्तले. त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या पिढीला त्यांचा आवाज नित्य परिचयाचा झाला, तो या रिवाजामुळें. घरोघरच्या तबकड्या मात्र तोंवर नाहींशा होऊं लागल्या होत्या. लाखेची तबकडी हातांतून पडली कीं फुटे. नव्या लांब वाजणाऱ्या तबकड्या आल्यावर जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या माळ्यावर गेल्या, आणि माळ्यावरून भंगारवाल्याकडे.

येथें शिफारस करणारा श्रोता पुढें आला. कानपूरचे हरमंदिरसिंह ‘हमराज’ हे सिलोनच्या श्रोत्यांपैकींच एक. श्रोत्यांच्या हौशींतून तेथें ‘लिस्नर्स बुलेटिन’ नांवाचें छोटें नियतकालिक निघूं लागलें. कोणतें गाणें कोणत्या चित्रपटांतील, गायिलें कोणीं, लिहिलें कोणीं, तबकडीचा क्रमांक काय, अशा शंका व उत्तरें त्यांत येत. त्यांतून ‘हिंदी फिल्म गीत कोश’ हें प्रचंड काम उभें राहिलें. १९५१ ते १९६० या दशकाचा खंड १९८० सालीं प्रथम निघाला. पुढें इतर दशकांचे खंड आले, आणि १९३१ ते १९४० या सर्वांत अवघड दशकाचा खंड १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. चित्रपटगृहांत आण्यादोन आण्यांस मिळणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या, जुन्या तबकड्यांच्या सूची, वर्तमानपत्रांतील जाहिराती, असें साहित्य गांवोगांवच्या छांदिष्टांकडून मिळवून ही नोंद तयार झाली. एखाद्या विद्यापीठानें अथवा चित्रसंस्थेनें करावयाचें काम श्रोत्यांनीं पदरमोड करून केलें.

पाठोपाठ इतरहि पुढें आले. सुरतेच्या हरीश रघुवंशी यांनीं मुकेश यांच्या गीतांचा कोश केला. मुंबईच्या विश्वास नेरूरकर यांनीं लता मंगेशकर यांच्या गीतांची सूची ‘गंधार’ या नांवानें सिद्ध केली. १९९० सालीं मुंबईंत तबकडी-संग्राहकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था निघाली. चोरबाजारांतून वेचून आणलेल्या तबकड्या सभासदांनीं एकत्र बसून ऐकाव्या, त्यांची माहिती लिहावी, आणि एकानें दुसऱ्याला आपलें नवें सांपडलेलें धन दाखवावें, असें तिचें कार्य. तेथें नाट्यपदाच्या शेजारीं ठुमरी आणि ठुमरीच्या शेजारीं लावणी किंवा एखाद्या पुढाऱ्याचें मुद्रित भाषण निघे. कोण श्रेष्ठ हा वाद गौण. काय शिल्लक आहे हा प्रश्न मुख्य.

हा प्रश्न किती गंभीर आहे, तें एका उदाहरणावरून कळेल. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहांत ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट प्रदर्शित झाला. त्यांत सात गाणीं होतीं. त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या नाहींत, आणि चित्रपटाची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. ज्या गाण्यांनीं हिंदी बोलपटाच्या संगीताचा आरंभ झाला, त्या गाण्यांचे शब्द कागदावर सांपडतात. त्यांचा मूळ आवाज कोणालाहि ऐकतां येत नाहीं. त्या काळीं तीं गाणीं लोकांना आवडलीं होतीं, लोकांनीं तीं गुणगुणलीं होतीं. परंतु नुसती आवड पुरली नाहीं. जपून ठेवणारा व पुढच्याच्या हातीं देणारा कोणी भेटला नाहीं.

आज गाणें मिळविण्याचे कष्ट उरलेले नाहींत. खिशांतल्या दूरध्वनीवर लाखों गीतें येतात, आणि काल काय ऐकलें हें पाहून यंत्रच उद्यांचें गाणें सुचवितें. सोय मोठी आहे. परंतु कालच्या आवडीवरून काढलेलें अनुमान बहुधा कालच्या आवडीच्याच आसपास फिरत राहतें. जुन्या श्रोत्याची शिफारस वेगळी होती. “तुम्ही हें ऐकलें नसेल, आणि कदाचित् पहिल्यानें आवडणारहि नाहीं, तरी दोनदां ऐका,” असें म्हणण्याचा अधिकार स्नेहानें मिळतो आणि तो माणसालाच असतो.

कोश रचणें सर्वांना साधणार नाहीं. परंतु प्रत्येक घरांत एखादी आजी असते, एखादे काका असतात, ज्यांना कोठेंहि न लागणारें एखादें गाणें अजून पाठ असतें. तें त्यांच्याकडून म्हणवून घ्यावें, त्यांच्या आवाजांत मुद्रित करून ठेवावें. गाणारा कोण, नाटक किंवा चित्रपट कोणता, वर्ष कोणतें, हें चार ओळींत लिहावें. आणि एका तरी तरुण माणसाला तें आवर्जून ऐकवावें.